लागत्या वेलीवर विळा: उन्हाळी मळा शरदाकडे वळवताना

काकडीचा तोडा रोज चाललेला असतो. टोमॅटोच्या काठ्या फळांच्या वजनाने कलायला लागलेल्या असतात. घरातल्यांना वाटत असतं की मळा आत्ता कुठे रंगात आलाय, आणि नेमकी तेव्हाच मी कोबीचं बी ट्रेमध्ये टाकत बसलेली असते. बघणाऱ्याला खूळ वाटतं. पण शरदातल्या भाजीचा निकाल भर उन्हाळ्यातच लागतो. हवा गार झाली, गवतावर दव दिसायला लागलं, चला आता कोबी लावू या, असं ज्याच्या मनात येतं त्याचा हंगाम तोवर हातातून गेलेला असतो.

मी सांगतेय ती रीत हिवाळ्यात हिम (पानांवर गोठणारं दव, बर्फवृष्टी नव्हे) पडणाऱ्या भागातल्या मळ्याची आहे. तारखा उत्तर गोलार्धातल्या धरल्यात, अशा भागात उन्हाळा जून ते ऑगस्ट असतो. दक्षिण गोलार्धातल्यांनी त्या सहा महिने पुढे सरकवाव्यात.

उलटी मोजणी

पहिलं काम कागदावरचं. तुमच्या भागात पहिलं हिम साधारण कधी पडतं ती तारीख हवामानाच्या जुन्या नोंदींतून काढा. ही तारीख सरासरी असते. म्हणजे जवळपास निम्म्या वर्षी हिम त्याच्या आधीच येऊन जातं, हे धरून चाला.

त्या तारखेपासून मागे मोजत यायचं. बियाण्याच्या पाकिटावर पीक किती दिवसांत तयार होतं तो आकडा असतो. रोप लावायच्या पिकांत तो बहुधा लागणीपासून मोजलेला असतो आणि थेट पेरायच्या पिकांत पेरणीपासून, एवढं आधी बघून घ्या. शिवाय तो आकडा दिवस मोठे असतानाचा असतो. शरदात दिवस आटत जातो, म्हणून मी त्यात सरळ दोन आठवडे मिळवते. हिम न सोसणारं पीक असेल तर तोडणीचे दिवसही मिळवायचे, नाहीतर पहिली शेंग हातात येते आणि दुसऱ्या दिवशी झाड काळं पडतं.

समजा पहिलं हिम 20 ऑक्टोबरच्या सुमारास येतं. ब्रोकोली लागणीपासून 65 दिवसांची आहे. त्यात 14 मिळवले की 79 झाले. ती हलकं हिम सोसते, म्हणून तोडणीसाठी वेगळे दिवस धरायला नकोत. 20 ऑक्टोबरपासून 79 दिवस मागे गेलं की 2 ऑगस्ट येतो, ही लागणीची तारीख. रोप तयार व्हायला पाच आठवडे लागतात, म्हणजे बी 28 जूनला ट्रेमध्ये पडायला हवं. आता श्रावण घेवडा घ्या. तो 55 दिवसांचा, त्यात 14 शरदाचे आणि 14 तोडणीचे, एकूण 83. म्हणजे 29 जुलैच्या आत पेरला तर घेवडा मिळेल, नाहीतर नुसता पाला. ऑगस्टच्या मध्यावर घेवडा पेरणारे लोक मी दरवर्षी बघते. त्यांचा उत्साह दांडगा असतो, एवढंच म्हणेन.

मुळ्याला एवढा हिशेब लागत नाही. पंचवीस-तीस दिवसांत तो हाताला येतो. ऑगस्टच्या मध्यापासून दर आठ-दहा दिवसांनी एकेक ओळ टाकत राहा.

थंडीला सगळे घाबरतात, मी उजेडाला जास्त घाबरते. थंडीवर कापड टाकता येतं, मावळलेल्या सूर्यावर इलाज नाही. 22-23 सप्टेंबरच्या आसपास दिवस सगळ्यात वेगाने लहान होतो. 40 अक्षांशावर तो तेव्हा रोज अडीच मिनिटांहून जास्त आटतो आणि त्याच्या उत्तरेला आणखी भराभर. दिवस दहा तासांच्या खाली गेला की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. 40 अक्षांशावर हा काळ साधारण 20 नोव्हेंबर ते 20 जानेवारी असतो. 30 अक्षांशाच्या आतल्यांचा दिवस दहा तासांच्या खाली कधीच जात नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांनी वहीत लिहून ठेवा: जे पीक हिवाळाभर वाफ्यातून थोडं थोडं तोडायचं आहे, ते दिवस दहा तासांवर येईल त्या तारखेला पाऊण वाढलेलं हवं. ऑगस्टअखेर पेरणीला झालेला एका आठवड्याचा उशीर काढणीला कधी दोन आठवड्यांचा होऊन बसतो, तो यामुळेच.

गार हवेचं बी, तापलेली जमीन

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. ज्या भाज्या गार हवेत वाढतात त्यांचं बी आपल्याला पोळणाऱ्या जमिनीत उगवून आणायचं असतं.

लेट्यूसचं बी जमीन 27-28 अंशांच्या वर तापली की हटून बसतं. पालकाचंही 30 अंशांच्या पुढे तेच. बी खराब नसतं, पाणीही कमी पडलेलं नसतं, पण उगवण मात्र होत नाही. दुकानदाराला दोष देण्याआधी थर्मामीटर मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोचून दुपारी वाचा. आकडा बघून बहुतेकांचा राग जागच्या जागी उतरतो.

उपाय साधे आहेत. लेट्यूस मी ट्रेमध्येच करते आणि पेरणी संध्याकाळी. बी पाणी पिऊन फुगायला लागल्यावरचे पहिले काही तास सगळ्यात नाजूक असतात, ते रात्रीच्या गारव्यात जाऊ द्यायचे. ट्रे दोन दिवस घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवायचा आणि पहिला हिरवा ठिपका दिसला की लगेच बाहेर शेडनेटखाली न्यायचा. एक दिवस जरी आत जास्त राहिला तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि मग ती कधीच सावरत नाहीत. लेट्यूसचं बी खोल गाडू नका. त्याच्या कित्येक वाणांना उगवायला उजेड लागतो, वरून नुसती चिमूटभर माती भुरभुरवली की पुरे.

पालकाची मला घाई नसते. जमीन थोडी निवेपर्यंत मी थांबते, आणि थांबता येत नसेल तर वाफ्यावर आधी चार-पाच दिवस शेडनेट ताणून, गार पाणी देऊन, मग पेरते. 30 ते 50 टक्के सावलीची जाळी पुरते. त्याहून दाट जाळीखाली रोपं लेचीपेची होतात.

गाजराचं दुखणं वेगळं. ते उष्णतेला तितकं भीत नाही, पण उगवायला एक ते दोन आठवडे घेतं आणि तेवढे दिवस वरची अर्धा इंच माती एकदाही सुकलेली त्याला चालत नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात हे नुसत्या पाण्याने जमवायचं म्हणजे दिवसातून तीनदा झारी घेऊन फिरणं आलं. त्यापेक्षा ओळीत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल बी टाका, भरपूर भिजवा आणि वर ओलं गोणपाट अंथरा. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी कोपरा उचलून बघायचं. पांढरे कोंब दिसले त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. कोंब गोणपाटात घुसले की ते काढताना निम्मं पीक हातात येतं. नंतर दोन पानांवर आल्यावर विरळणी करून दोन रोपांत तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा. विरळणी करताना जीव कासावीस होतो हे खरं, पण एकमेकांना पिळलेल्या गाजरांचं काय करणार?

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, केल यांची रोपं चार ते सहा आठवड्यांत लागणीला येतात. चार-पाच खरी पानं पुरेत. ट्रेमध्ये जास्त दिवस अडकलेला फ्लॉवर पुढे बोराएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो, म्हणून रोप तयार आणि वाफा रिकामा नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. लागणीच्या आठवडाभर आधी सावली काढून रोपं उन्हाला सरावू द्या. लागण संध्याकाळी करा, ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं. रोप खालच्या पानांपर्यंत मातीत बसवायचं आणि लगेच पाणी.

काय उपटायचं

वाफा रिकामा कसा होणार? इथे आमच्या घरात दरवर्षी एकच भांडण होतं. मी झुकिनीच्या वेलीपाशी विळा घेऊन उभी, आणि नवरा म्हणतो, "अगं, अजून फुलं आहेत की तिला!" असतात ना. फुलं शेवटपर्यंत असतात.

माझा नियम असा आहे: वेल आज काय देतेय हे बघायचं नाही, तिच्याखालच्या जागेत पुढे काय उभं राहणार आहे ते बघायचं. भुरीने पांढरी पडलेली, आठवड्याला दोन वाकड्या काकड्या देणारी वेल महिनाभर आणखी ठेवली तर पाच-सहा काकड्या मिळतील. तीच जागा ऑगस्टमध्ये मोकळी केली तर तिथे बीट किंवा सलगम पुरा होतो. जुन्या काकडी-झुकिनीवर मी आधी विळा चालवते, मग घेवड्याच्या पहिल्या पेरणीवर. कणीस काढून झालेला मका तर त्याच दिवशी.

घेवडा आणि वाटाणा मुळासकट उपटू नका. जमिनीलगत कापा. मुळं आणि त्यावरच्या नत्राच्या गाठी खालीच कुजू द्या, मातीची घडणही मोडत नाही.

टोमॅटोचा न्याय वेगळा आहे. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून पहिल्या हिमाच्या साधारण पाच-सहा आठवडे आधी मी प्रत्येक झाडाचा शेंडा खुडते, नवीन फुलांचे घोस काढून टाकते आणि बगलफुटींना तर मुळीच थारा देत नाही. ती फुलं लाल होणारच नव्हती. झाडाचा जोर मग आहे त्या फळांत उतरतो. पाणीही हळूहळू कमी करा. एकदम तोडून नंतर भरपूर दिलं तर फळं तडकतात. ढोबळी मिरचीला मी शेवटपर्यंत हात लावत नाही. उशिरा का होईना, ती देते, आणि जागाही फार अडवत नाही.

करप्याने काळवंडलेला टोमॅटोचा पाला कंपोस्टच्या ढिगात टाकायचा नाही, तो मळ्याबाहेर जाऊ द्या. भुरीची वेल गरम, नीट कुजणाऱ्या ढिगात चालते.

उपटायचं जिवावर येत असेल तर एक मधला रस्ता आहे आणि मला तो फार आवडतो: उभ्या पिकात पुढचं पीक. मांडवावर चढलेल्या घेवड्याच्या सावलीत ऑगस्टमध्ये पालक किंवा लेट्यूस लावायचं. उन्हाच्या दिवसांत वेल सावली धरते. सप्टेंबरमध्ये वेल जमिनीलगत कापली की खालच्या पिकाला नेमकं हवं तेव्हा ऊन मिळतं. शेडनेटचं काम फुकटात होतं. टोमॅटोच्या दाटीत मात्र हे करू नका, हवा खेळत नाही आणि खालची पानं सडतात.

वाफा आणि बेवड

मोकळ्या वाफ्यात काय लावायचं हे आधी तिथे काय होतं त्यावर. घेवड्या-वाटाण्याच्या बेवडावर, म्हणजे ती पिकं निघालेल्या जमिनीत, कोबीवर्गीय पिकं चांगली येतात. टोमॅटो-मिरचीच्या जागी पालक, लेट्यूस, गाजर. कोबीच्या जागी पुन्हा कोबी, मुळा किंवा सलगम नको, सगळी एकाच घराण्यातली आहेत. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोग एकदा मातीत शिरला की दहा वर्षांहून जास्त तग धरतो. आम्लधर्मी जमिनीत तो जास्त फोफावतो.

खोल खणू नका. वरचा कचरा काढा, दोन-तीन सेंटिमीटर पूर्ण कुजलेलं खत पसरा, दाताळ्याने वरवर मिसळा. कच्चं शेणखत कच्च्या खायच्या पालेभाज्यांच्या वाफ्यात या वेळी घालायचंच नाही. उन्हाळ्याने माती विटेसारखी झाली असेल तर आदल्या दिवशी पाणी सोडा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली होऊ द्या, आणि मगच हत्यार लावा.

गाजर-पालकाच्या वाफ्यासाठी आणखी एक काम करा. वाफा पेरणीच्या दोन आठवडे आधीच तयार करून त्याला पाणी द्या. तण उगवून येईल. ते अंगठ्याएवढं असताना खुरप्याने अगदी वरच्यावर खरवडून टाका आणि माती पुन्हा न हलवता पेरा. गाजराच्या ओळीत बसून तण वेचण्यात जी संध्याकाळ जाते ती वाचते.

किडींबद्दल थोडक्यात. उन्हाळाअखेर पांढरी फुलपाखरं आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबीच्या पानांवर अंडी घालायला टपलेले असतात. जाळी लागणीच्याच संध्याकाळी टाका आणि कडा मातीत दाबा. चार दिवसांनी टाकलेली जाळी अळ्यांना आत सांभाळते. अळी दिसलीच तर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) संध्याकाळी फवारा, उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो. मावा पानाच्या खाली बघायचा, वर नाही.

पहिली हिमाची रात्र

अंदाजात किमान तापमान 3 अंश सांगितलं तरी निर्धास्त राहू नका. हवामान केंद्रात तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून दोन-तीन अंश कमी असू शकतं. ढग किंवा वारा असेल तर धोका कमी. गार हवा जड असते आणि उताराने वाहत खाली साठते, म्हणून मळ्याचा सखल कोपरा आधी मरतो. माझी तुळस आणि काकडी तिथे कधीच नसते, केल असते.

त्या दिवशी दुपारी जमिनीला पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. पिकावर क्रॉप कव्हर ऊन उतरायच्या आधी टाका, दिवसाची ऊब आत कोंडली पाहिजे. रात्री नऊला बॅटरी घेऊन टाकलेलं कापड गारठाच झाकतं. पातळ कापडाने दोनेक अंशांची सूट मिळते, जाड कापडाने थोडी जास्त. प्लॅस्टिक वापरत असाल तर ते कमानींवर ताणा, पानाला टेकलं तिथे पान जळतं. सकाळी ऊन आल्यावर काढायला विसरू नका.

काय वाचवायचं हेही ठरवून ठेवा. पहिल्या हिमानंतर बरेचदा दोन-तीन आठवडे छान उबदार जातात, म्हणून मिरचीला आणि उशिरच्या घेवड्याला कापड टाकणं परवडतं. काकडीला मी टाकत नाही. तुळस तर 4-5 अंशांनाच काळी पडते, ती आधीच कापून घ्या. कोबी, केल, गाजर, पालक यांना या रात्रीची फिकीर नाही. उलट गारठ्यात ती पिष्टाची साखर करून पेशी गोठण्यापासून राखतात, म्हणून हिम खाल्लेलं गाजर गोड लागतं. केलचा पहिला तोडा मी मुद्दाम त्यानंतर करते.

काढून ठेवायचं ते

लाल भोपळ्याला हिम लागता कामा नये. नखाने साल दबत नाही आणि देठ सुकून बुचासारखा झाला की काढा. देठ पाच-सात सेंटिमीटर ठेवून कापा आणि उचलताना देठाला धरू नका, तुटला तर तो भोपळा आधी खायचा. दहा दिवस 25 ते 29 अंशांच्या उबेत ठेवून साल पक्की होऊ द्या, मग 10 ते 13 अंशांच्या कोरड्या जागी. रताळ्यांनाही आठवडाभर ऊब हवी, पण दमट, आणि नंतर 13 ते 15 अंश. फ्रीजमध्ये दोन्ही बिघडतात.

हिरवे टोमॅटो हिमाच्या आदल्या दिवशी सगळे तोडून आणा. पूर्ण वाढलेले, फिकट पांढरट हिरवे झालेले घरात 15 ते 20 अंशांत लाल होतात. गडद हिरवे आणि कडक होत नाहीत, त्यांचं लोणचं. खिडकीतल्या उन्हाची गरज नाही, ऊब पुरते. 10 अंशांच्या खाली मात्र पिकणं थांबतं आणि चवही जाते.

रिकाम्या वाफ्यांपैकी एक लसणासाठी राखून ठेवा. जमीन गोठण्याच्या चार ते सहा आठवडे आधी सगळ्यात मोठ्या पाकळ्या निवडून, टोक वर करून, पाच सेंटिमीटर खोल आणि दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर लावा. थंडी मिळाल्याशिवाय गड्डा नीट पाकळ्या धरत नाही. वर वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन.

उरलेले वाफे उघडे टाकू नका. ओट आणि वाटाणा मिसळून ऑगस्टअखेर पेरला तर कडक थंडीत तो आपोआप मरतो आणि वसंतात आयतं आच्छादन मिळतं. उशीर झाला असेल तर राय हे धान्य पेरा, ते जवळजवळ गोठलेल्या जमिनीतही उगवतं. पण राय हिवाळ्यात मरत नाही, वसंतात ते कापून मातीत कुजायला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. म्हणून ज्या वाफ्यात लवकर वाटाणा पेरायचा आहे तिथे मी राय टाकत नाही.

जमीन गोठण्याआधी ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून पाणी काढा आणि फिल्टर घरात आणा. त्यानंतर वाफ्यात जे उभं आहे ते वाढत नाही, नुसतं टिकतं. पालक आणि केल सकाळी हिमाने कडक झालेले असताना तोडू नका, तसं तोडलेलं पान घरात आल्यावर लिबलिबीत होतं. दुपारी ऊन लागून पानं सैल पडली की मग तोडा, बाहेरची आधी, मधला कोंभ राखून.